फांदीला कोयता, बुंध्याला कुऱ्हाड

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. घर माळवदाचं. सोप्यात जात्याच्या वरच्या भिंतीत तीन खुंट्या ठोकलेल्या होत्या. पहिलीला कोयता, दुसरीला हातकुऱ्हाड, तिसरीला मोठी कुऱ्हाड. खाली कोपऱ्यात दोन मुठींची लांब करवत उभी असायची. तिच्या दातांवर जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलेलं, कारण आम्ही पोरं तिथंच लपाछपी खेळायचो. आज्जाचा दंडक असा की हत्यार खुंटीवरून काढायच्या आधी झाड बघून यायचं. आधी हत्यार काढून मग झाडाकडं निघालेला माणूस त्याला आवडायचा नाही.

त्याचा हिशेब साधा होता. मनगटाएवढी फांदी असेल तर कोयता. मांडीएवढी असेल तर हातकुऱ्हाड. झाड पाडायचं असेल तर मोठी कुऱ्हाड, आणि बुंधा आडवा झाल्यावर त्याचे ओंडके करायला करवत. हा हिशेब मी लहानपणी शंभर वेळा ऐकला होता. साठीच्या जवळ आल्यावर मी तो एकदा मोडला, आणि त्याची भरपाई मी नाही, दुसऱ्या माणसाने केली. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलोय. पण त्याआधी आमच्याकडं जळण कसं तुटत आलं ते सांगायला पाहिजे, नाहीतर माझी चूक नेमकी कुठं झाली ते कळायचं नाही.

सोलापूर जिल्हा म्हणजे काही जंगलाचा मुलूख नाही. पाऊस बेताचा, जमीन काळी, मधे मधे उघडी माळरानं. १९७९ साली नान्नजच्या बाजूला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं ते या उघड्या माळांमुळंच; माळढोकला झाडी नको, गवत पाहिजे. अशा मुलखात लाकूड ही रोज जाळायची वस्तू नव्हतीच. आमच्या चुलीत रोज जायच्या त्या तुरीच्या तुराट्या, ज्वारीची धसकटं आणि गोवऱ्या. कडबा जनावराला, धसकट चुलीला, अशी वाटणी ठरलेली. सुगी संपली की आई आणि चुलत्या रानातनं धसकटं वेचून आणायच्या आणि परसात त्याची गंजी लागायची. ज्वारीच्या भाकरीला जाळ झटपट आणि सारखा लागतो, तो तुराट्यांचा चांगला होतो. हुरड्याच्या आगटीला गोवरी. लाकूड ठेवलेलं असायचं ते मोठ्या कामाला: लग्नाचा स्वैपाक, जत्रेचं जेवण, बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी. आणि मयताला.

हे शेवटचं आता कोणी बोलत नाही. आमच्या गोठ्याच्या माळ्यावर बाभळीचे वाळलेले जाड ओंडके नेहमी असायचे आणि त्यांना कोणी हात लावायचा नाही. पावसाळ्यात कोणाच्या घरी मयत झालं तर ओलं लाकूड पेटत नाही. म्हणून प्रत्येक घराने थोडं कोरडं लाकूड राखून ठेवायचं आणि वेळ आली की न मागता स्मशानात नेऊन टाकायचं. आज्जा स्वतः गेला तो भर श्रावणात. त्याचं सरण त्यानंच तोडलेल्या आणि वाळवलेल्या लाकडांवर रचलं होतं.

झाडं म्हणजे मुख्यतः बाभूळ. त्याखालोखाल लिंब, बोर, हिवर आणि गावाजवळ चिंचा. बाभळीचं काहीच वाया जायचं नाही. सरळ बुंधा सुतार मागायचा. नांगर, कुळव, गाडीची चाकं, सगळं त्यातनं. वाकडंतिकडं खोड ओंडक्याला. जाड फांद्या जळणाला. काटेरी शिरी कुंपणाला. शेंगा आणि पाला शेरडांना. म्हणून झाड पाडायच्या आधी घरात चर्चा व्हायची आणि सुतार येऊन बुंध्याभोवती फिरून जायचा. पण पाडण्याची वेळ क्वचित यायची. बहुतेक काम सवळण्याचं, म्हणजे फांद्या छाटण्याचं. उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळी सवळायच्या, शेंडा राखायचा, खोड राखायचं. दोन-तीन वर्षांनी त्याच झाडाला पुन्हा तेवढंच जळण तयार. आज्जाच्या हयातीत आमच्या बांधावरच्या बाभळी मोजून बावीस होत्या, कमी झाल्या नाहीत.

कुऱ्हाड बाजारातनं आणायची नसायची, गावातल्या लोहाराकडं करून घ्यायची. लोहार-सुतार बलुतेदार, वर्षाला ज्वारी ठरलेली. लोहार गाडीच्या चाकाची जुनी धाव नाहीतर ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा घेऊन तापवायचा, पण हातोडा उचलायच्या आधी दोन गोष्टी विचारायचा. काय तोडायचं? आणि कोण तोडणार? मोठ्या कुऱ्हाडीचं पातं अरुंद आणि जाड, ते लाकडात खोल घुसावं म्हणून. हातकुऱ्हाडीचं रुंद आणि पातळ, फांदी एका घावात सुटावी म्हणून. कोयत्याला पुढं आकडा, काटेरी फांदी ओढून बाजूला टाकायला. आईसाठी वेगळी हलकी कुऱ्हाड होती, ढलप्या काढायची. ती आज्जानं कधी वापरली नाही आणि त्याची मोठी कुऱ्हाड कधी आईच्या हाती दिली नाही. "हत्याराचं वजन हाताला कळावं, खांद्याला कळाय लागलं की ठेवून द्यावं," असं तो म्हणायचा. दांडा बाभळीचाच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण आम्ही शाळेत शिकायच्या आधी बघितली होती.

कुऱ्हाडीचा विषय निघाला की आज्जा मार्शल लॉच्या दिवसांवर यायचा. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. ८ मे ला लोक रूपाभवानीच्या बाजूला गेले आणि शिंदीची झाडं तोडायला लागले. शिंदी म्हणजे ताडी, ताडी म्हणजे सरकारचा महसूल; मिठाचा कायदा मोडायला सोलापूरला समुद्र नव्हता, झाडं होती. पोलिसांनी माणसं धरली, जमाव जमला, गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण गेला. मग शहरावर लष्करी कायदा आला, गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा ठरलं. त्या प्रकरणातल्या मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला फाशी दिलं. सोलापुरात आज चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक आहे, तिथनं रोज हजारो माणसं जातात. आज्जा सांगायचा, त्या दिवसांत सोलापूरच्या बाजारला जाताना थोरली माणसं गाडीतली कुऱ्हाड काढून घरी ठेवायला लावायची. एरवी गाडीला कुऱ्हाड बांधलेली असायचीच. वाटेत जू मोडलं, दांडी मोडली तर लागते म्हणून. त्याच्या आयुष्यातला कुऱ्हाडीशिवायचा प्रवास तेवढाच.

कायद्याची आठवण आणखी एक आहे. १९६४ साली महाराष्ट्रात झाडतोडीचा कायदा आला. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग अशी यादीतली झाडं स्वतःच्या रानात असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. गावातल्या लोकांना यादी पाठ नव्हती, पण चिंचेला कुऱ्हाड लावायची म्हटलं की कोणीतरी "तलाठ्याला इचारलं का?" असं म्हणायचं. बाभळीसाठी कोणी विचारायचं नाही. बाभूळ ही घरची.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा सहावीत होतो. विहिरी आटल्या, रानात धसकट सुद्धा नव्हतं, कारण ज्वारीच उगवली नव्हती. चुलीला काही नाही आणि जनावराला काही नाही. खडी फोडायच्या कामावरनं बाया परत यायच्या त्या वाटेनं काटकी-कुटकी वेचत. त्या वर्षी लोकांनी झाडं विकली. व्यापाऱ्यांच्या गाड्या यायच्या, उभ्या झाडाचा सौदा व्हायचा आणि दोन माणसं करवत घेऊन बसायची. एक इकडनं ओढायचा, एक तिकडनं. करवतीचा नियम असा की फक्त ओढायचं, ढकलायचं नाही. ढकललं की पान वाकतं आणि अडकतं. दिवसभर तो खर्र-खर्र आवाज गावाभोवती ऐकू यायचा. आमच्या दाराशीही व्यापारी आला. बावीस बाभळींचे त्यानं सांगितलेले पैसे घरात कोणाला नको होते असं नाही. आज्जा म्हणाला, "फांद्या ने. खोडाला हात लावायचा न्हाई." व्यापारी हसला आणि निघून गेला. फांद्यांत त्याला काय मिळणार! मग घरच्यांनीच कोयत्यानं थोडा थोडा पाला काढून दोन बैल आणि एक गाय जगवली. एक बैल तरीही गेला. बाभळी राहिल्या.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे वेडी बाभूळ. ही मूळची अमेरिका खंडातली; हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणली. आमच्या गायरानात आणि नदीकाठी ती माझ्या डोळ्यांदेखत पसरली. तिला पाणी लागत नाही, शेरडं पाला खात नाहीत, शेंगा मात्र खातात आणि लेंड्यांतनं बी सगळीकडं टाकतात. तोडली की बुडातनं पाच फांद्या फुटतात. जळण म्हणून मात्र ती झकास, निखारा टिकतो. लाकूड कठीण, काटे लांब, बुंधा सहसा हाताच्या वितीएवढाच जाड, आणि सगळा पसारा फांद्यांचा. दुसरी गोष्ट म्हणजे उजनी. १९८० साली धरण पुरं झालं आणि पुढं सीनेच्या काठालाही पाणी आलं. ज्वारीच्या जागी ऊस आला. उसाला बांधावरच्या झाडाची सावली चालत नाही. ज्या बाभळी दुष्काळात जपल्या त्या आता नडायला लागल्या.

घरात गॅस आला तरी लाकडाची मागणी गेली नाही. अंघोळीचा बंब होता, गुऱ्हाळाच्या चुलवणाला पाचट आणि चिपाडाच्या जोडीला ओंडके लागायचे. सोलापुरातल्या बेकऱ्यांना आणि चादरी-टॉवेलचं सूत रंगवणाऱ्यांच्या बॉयलरना लाकूड लागायचं. तोडायला माणूस मात्र मिळेना. जो तो ऊसतोडीला नाहीतर शहरात. आमच्याकडं एकटे मामा राहिले होते. मामा म्हणजे आमचे सालगडी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, दुष्काळानंतर दोन वर्षांनी आमच्याकडं आले ते राहिलेच. आज्जाकडनं कुऱ्हाड शिकलेला शेवटचा माणूस.

२०१७ च्या हिवाळ्यात मी मशीन घ्यायचं ठरवलं. तिला पुस्तकात चेनसॉ म्हणतात, आमच्याकडं वूडकटर, किंवा नुसतं कटर.

या मशीनचा इतिहास मी नंतर वाचला, आधी वाचायला पाहिजे होता. १९२६ साली जर्मनीत स्टुटगार्टजवळ आंद्रेआस श्टील या माणसाने विजेवर चालणारी साखळीची करवत बनवली. तिचं वजन ६४ किलो होतं आणि ती चालवायला दोन माणसं लागायची, आमच्या सोप्यातल्या करवतीसारखीच, या टोकाला एक, त्या टोकाला एक. तिथनं पुढं पंचवीस वर्षं सगळी खटपट एकाच गोष्टीची होती: वजन कमी करायचं. १९५० च्या आसपास एका माणसाने उचलावी अशी मशीन निघाली. साखळीच्या दातांची गोष्ट तर आज्जाला फार आवडली असती. १९४६ साली अमेरिकेत ऑरेगॉन भागात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत असताना त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली. ती करवतीसारखी खरडत नव्हती. तिचे दोन जबडे डावी-उजवीकडं वळून आडवा-उभा असा दोन्हीकडनं लाकूड कापत होते. त्यानं साखळीचे दात तसेच वाकवले, आणि पुढच्या वर्षी विकायला काढले. आज जगातल्या बहुतेक मशीनची साखळी त्याच घाटाची आहे. आमच्या बाभळीच्या ओंडक्यातही अशीच अळी असायची. रात्री गोठ्यात निजलं की माळ्यावरनं कुर्र-कुर्र असा आवाज यायचा आणि खाली पिठासारखा भुसा पडायचा.

म्हणजे ज्यांनी ही मशीन केली त्यांनी शंभर वर्षं ती लहान आणि हलकी करण्यात घातली. मी दुकानात गेलो आणि सगळ्यांत मोठी मागितली.

सोलापुरात दुकानदाराने टेबलावर तीन मशीन मांडल्या. एक चौदा इंच पट्टीची, एक अठरा इंचांची, एक बावीस इंचांची. पट्टी म्हणजे ते लोखंडी पातं जिच्याभोवती साखळी फिरते. त्यानं मला काय तोडायचंय ते विचारलं नाही, कोण तोडणार तेही नाही. "हीच जाते सगळीकडं," म्हणून ५८ सीसीची बावीस इंची पुढं सरकवली. तीन मशीनमध्ये तीच स्वस्त होती, हेही खरं. पण दुकानदाराला कशाला बोल लावू! गावात एकाकडं अठरा इंची होती आणि मला त्याच्यापेक्षा मोठी पाहिजे होती. घरी आणून ओट्यावर ठेवली तेव्हा बघायला दहा माणसं आली.

मामांनी ती उचलून बघितली, खाली ठेवली. म्हणाले, "दादा, लई मोठी हाय ही. आपल्याला काय वड पाडायचा हाय व्हय?"

मी म्हणालो, "मामा, मोठी असली की बारकं पण तुटतंय, मोठं पण तुटतंय."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ते साफ चुकीचं आहे. का, ते सांगतो, कारण गावोगाव हीच समजूत आहे.

पट्टी ओंडक्याच्या जाडीपेक्षा दोन इंच लांब असली की पुरे. बारा इंच जाड ओंडक्याला चौदा इंची पट्टी. त्याहून जाड लाकूड क्वचित आलं तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. फांद्या छाटायला बारा-चौदा इंची पट्टी, ३० ते ३५ सीसीचं इंजिन, चार-साडेचार किलो वजन. दिवसभर जळणाचे तुकडे पाडायचे असतील तर सोळा ते अठरा इंची, ४० ते ५० सीसी. वीस इंचांच्या पुढची मशीन ही जंगलातल्या मोठ्या बुंध्यांसाठी. आमच्या बाभळीचा जाडीत जाड बुंधा दीड फूट, तोही एखादाच, आणि वेड्या बाभळीचा तर अर्धासुद्धा नाही. म्हणजे माझ्या मशीनची निम्म्यापेक्षा जास्त पट्टी बहुतेक वेळी लाकडाच्या पलीकडं बाहेर राहणार होती.

धोका त्या बाहेर राहिलेल्या टोकात असतो. साखळी पट्टीच्या वरच्या अंगानं पुढं जाते आणि टोकावरनं वळून खालच्या अंगानं मागं येते. सेकंदाला वीस मीटरच्या आसपास तिचा वेग. टोकाचा वरचा कोपरा कशाला नुसता टेकला तर साखळीला तिथं कापायला जमत नाही, ती अडकते, आणि सगळी ताकद मशीनला वर आणि मागं, माणसाच्या अंगावर फेकते. ही उसळी इतकी झटक्यात येते की माणसाला कळायच्या आत होऊन जाते. लांब पट्टीचं टोक नजरेपासून लांब असतं, काट्यांच्या गचपणात ते कशाला टेकतंय ते दिसत नाही. त्यात मशीन भरल्यावर आठ किलोच्या आसपास. उभ्या बुंध्याला ती दोन मिनिटं धरायची असते, फांद्या छाटताना मात्र तास-तास हवेत धरून, वळवून, वर-खाली करावी लागते. आज्जाच्या भाषेत, हाताला नाही तर खांद्याला कळणारं वजन.

पहिला महिना झकास गेला. आणि या महिन्यात जे झालं ते मला अपघाताएवढंच लागून राहिलंय. उसाच्या बांधावरच्या तीन बाभळी सवळायच्या म्हणून आम्ही सुरुवात केली. पहिली सवळली. दुसरीजवळ गेल्यावर मला वाटलं, एवढी मशीन आहे तर फांद्या कशाला तोडत बसायच्या, बुडातनंच घेऊ. चार मिनिटांत झाड आडवं. मग तिसरी. मग शेजारची, जिचं काही कारणच नव्हतं. आज्जाच्या कुऱ्हाडीनं एक बाभूळ पाडायला अर्धा दिवस जायचा, त्या अर्ध्या दिवसात माणूस दहा वेळा थांबून घाम पुसायचा आणि झाडाकडं बघायचा. इथं थांबायलाच लागत नव्हतं. महिन्याभरात अकरा बाभळी गेल्या. बहात्तर साली जी खोडं आज्जानं व्यापाऱ्याला दिली नाहीत, त्यांतली निम्मी मी पैशाची नड नसताना पाडली. मामा काही बोलले नाहीत. फांद्या गोळा करत राहिले.

फेब्रुवारीत नदीकडची वेडी बाभूळ काढायला घेतली. मी मशीन चालवत होतो, थोड्या वेळानं माझा खांदा भरून आला म्हणून मामांकडं दिली. पासष्टीचा माणूस. पाडलेलं झाड समोर आडवं, फांद्या सगळीकडं पसरलेल्या. मामा मनगटाएवढी फांदी तोडत होते. कोयत्याचं काम होतं ते, एका घावाचं. बावीस इंची पट्टी फांदीच्या पलीकडं हातभर बाहेर, आणि तिथं पाल्याखाली दुसरी फांदी दबलेली. मला फक्त आवाज बदललेला ऐकू आला. मशीन वर उसळली, मामांचा डावा हात सुटला, आणि खाली येताना ती त्यांच्या डाव्या मांडीवर आली. ब्रेकचा दांडा पुढं ढकलला गेला की साखळी थांबायला पाहिजे. आमच्या मशीनचा तो दांडा पंधरा दिवसांपूर्वी तडकला होता आणि मी तो तारेनं बांधून ठेवला होता.

पटका सोडून मांडी बांधली, जीपमधनं सोलापूरला नेलं. जीव वाचला, पाय वाचला. मांडीचा स्नायू मात्र पहिल्यासारखा जुळला नाही. मामांना खाली बसता येईना. धार काढणं गेलं, खुरपणं गेलं, जेवायलाही खुर्ची लागायला लागली. दवाखान्याचा खर्च मी केला, वर्षाचा पगार चालू ठेवला. लोक म्हणाले, तुम्ही पुष्कळ केलंत. मला ते ऐकवायचं नाही. मामा एकदाही काही बोलले नाहीत. मामी मात्र बोलली. दवाखान्याच्या दारात तिनं विचारलं, "खुटीवरचा कोयता कुठं गेला हुता?" मला उत्तर देता आलं नाही.

ती मशीन मी विकली नाही. दुसऱ्याच्या घरी कशाला पाठवायची! इंजिन काढून टाकलं, पट्टी गोठ्यात पडली आहे. वर्षभरानं चौदा इंची घेतली, ३५ सीसीची. ती बघायला ओट्यावर कोणी आलं नाही. फांद्या छाटताना तिचं टोक मला दिसतं. मनगटाच्या आतलं सगळं मी कोयत्यानंच तोडतो. मशीन सुरू करायच्या आधी ब्रेकचा दांडा ढकलून बघतो, मशीन खांद्याच्या वर नेत नाही, आणि खांदा भरला की दुसऱ्याच्या हाती न देता बंद करतो. राहिलेल्या बाभळी अकरा आहेत. त्या फक्त सवळल्या जातात.

साखळीची एक गोष्ट राहिली. बाभळीसारख्या कठीण लाकडात तिची धार लवकर जाते, आणि सालीला माती असली तर आणखी लवकर. धार असेल तर मशीन लाकडाच्या टपोऱ्या कपच्या टाकते, धार गेली की पीठ टाकते. पीठ दिसायला लागलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की घात होतो. म्हणून दर थोड्या वेळानं गोल कानस फिरवायची. लहान साखळीला चार मिलिमीटरची, त्याच्या वरच्या मापाला ४.८ ची. दात एक सोडून एक उलट्या बाजूचे असतात. सगळ्यांना सारखेच घाव द्यायचे, एका बाजूला जास्त झाले तर करवत वाकडी जाते. हे काम हाताच्या अंदाजाचं आहे, कुऱ्हाडीच्या धारेसारखंच.

गावात आता अशा मशीन वीसेक तरी असतील. त्यांच्या साखळ्या मामांकडं येतात. देवळासमोरच्या कट्ट्याजवळ खुर्ची टाकून ते बसतात, डावा पाय लांब केलेला, पुढं लाकडाच्या खाचेत पट्टी पक्की धरलेली. कोणी नवी मशीन आणली की आधी विचारतात, काय तोडायचं? मग विचारतात, कोण तोडणार? एकाला त्यांनी बावीस इंची परत करायला लावली. तो दुकानाशी भांडून सोळा इंची घेऊन आला. एका साखळीचे पन्नास रुपये घेतात. मी पहिल्यांदा माझी साखळी घेऊन गेलो तेव्हा वाटलं होतं, माझ्याकडनं घेणार नाहीत, आणि मग पुन्हा कधी इथं यावं कसं, याचा विचार करत उभा होतो. मामांनी शेवटचा दात घासला, अंगठ्यानं धार बघितली, साखळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पन्नास झाले, दादा."

मी नोट दिली. त्यांनी ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि पुढच्याची साखळी घेतली.